तीन बाबूराव, एक डोंगर

ग्रंथालयात पुस्तकं विषयानुसार लागतात, मग लेखकाच्या आडनावानुसार. पहिल्या नावानुसार कोणी लावत नाही. एकदा लावून पाहा. आडनावांनी आयुष्यभर लांब ठेवलेली माणसं एकमेकांना खेटून उभी राहतात.

आपल्याकडे आडनाव ऐकलं की समोरचा मनातल्या मनात गाव, जात, पेठ सगळं भरून घेतो. पहिलं नाव एवढी चुगली करत नाही.

उदाहरणार्थ, विलास. विलास सारंग यांची 'एन्कीच्या राज्यात' आणि विलास मनोहर यांचं 'नेगल' एकाच फळीवर. एक इराकात शिकवायला गेलेल्या मराठी माणसाची कादंबरी. दुसरी भामरागडच्या जंगलात माणसांमध्ये वाढलेल्या बिबट्याची खरी गोष्ट. समीक्षेच्या कुठल्या पुस्तकात हे दोघं शेजारी बसतील? इथे बसले.

मग प्रकाश. प्रकाश आमटे यांच्या 'प्रकाशवाटा'ला लागून प्रकाश नारायण संत यांचा 'वनवास'. संतांचा लंपन आपल्याला पाठ आहे. पण संत कराडच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवायचे, हे किती जणांना आठवतं? मराठीतला सगळ्यात कोवळा मुलगा दगडांच्या अभ्यासकानं लिहिला.

गंमत पाहा. दोन नावं घेतली आणि दोन्ही फळ्या गडचिरोलीला पोहोचल्या. भामरागड तालुक्यातलं हेमलकसा, 1973 साली सुरू झालेला प्रकाश आमटे यांचा लोकबिरादरी प्रकल्प. विलास मनोहर तिथलेच कार्यकर्ते. त्यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' अजून वाचली नसेल तर आधी ती वाचा, मग जंगलावर मत द्या.

ही चांगली पुस्तकं आहेत, मनापासून सांगतो. पण ही तिथे जाऊन राहिलेल्या माणसांनी लिहिली. तिथेच जन्मलेल्या माणसाचं पुस्तक कुठे आहे?

म्हणून तिसरी फळी. बाबूराव.

मराठीत बाबूरावांचा तुटवडा कधीच नव्हता. सिनेमात बाबूराव पेंटर, सिनेपत्रकारितेत बाबूराव पटेल, रंगभूमीवर 'करायला गेलो एक' लिहिणारे बाबूराव गोखले. पण माझ्या फळीवर तिघंच ठेवतो. अर्नाळकर, बागूल आणि शेडमाके.

पहिल्या बाबूरावांचं नाव मुळात बाबूराव नव्हतंच. ते चंद्रकांत सखाराम चव्हाण. टोपणनाव घेतलं आणि हजारावर रहस्यकथा लिहिल्या. 1936 पासून जवळपास अर्धं शतक हात थांबला नाही. गिनीज बुकानं नोंद घेतली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांनी किती पानं दिली?

पानं निसटलेल्या, मुखपृष्ठ फाटलेल्या प्रती. भाड्यानं पुस्तकं देणारी वाचनालयं. पाळी संपवून आलेला कामगार, अभ्यासाच्या वहीखाली पुस्तक दडवणारं पोर. वाचायची सवय या माणसानं लावली. मग ते वाचक पुढे खांडेकर, पुढे नेमाडे वाचायला गेले आणि अर्नाळकर वाचल्याचं सांगायला लाजू लागले.

ज्या शिडीनं माडीवर चढलो, ती शिडी दाखवायची लाज कसली?

अर्नाळकरांचे नायक आठवा. झुंझार, काळापहाड. वेषांतर, दुहेरी आयुष्य, पोलिसांना हुलकावणी. लपणं हा तिथे खेळ आहे. शेवटच्या प्रकरणात सगळं उघड होतं आणि वाचक निवांत झोपतो.

दुसरे बाबूराव निवांत झोपू देत नाहीत.

बाबूराव बागूल, जन्म 1930, नाशिकजवळचं विहितगाव. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह 1963 चा, 'मरण स्वस्त होत आहे' 1969 चा, 'सूड' 1970 ची. सात वर्षांत मराठी कथेची बैठक मोडली. पहिल्या संग्रहाच्या शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, परगावी जातो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. बस, एवढाच त्याचा गुन्हा.

इथेही लपणं आहे. पण हौस नाही. डोक्यावर छप्पर हवं म्हणून लपणं.

अर्नाळकरांच्या कथेत मुखवटा उतरला की टाळ्या. बागुलांच्या कथेत मुखवटा उतरला की मार.

एका नावाचे दोन लेखक, एकाच काळात लिहिणारे, एकाच भाषेत. एकाचा नायक ओळख लपवतो तेव्हा आपण श्वास रोखून वाचतो. दुसऱ्याचा नायक ओळख लपवतो तेव्हा आपण त्याला 'विषय' म्हणतो आणि वेगळ्या कपाटात ठेवतो. शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे दिसत नाही. म्हणून तर फळी बदलायची.

आणि ही 1963 ची गोष्ट झाली, असं म्हणू नका. भाड्यानं खोली शोधणाऱ्या मुलाला आजही घरमालक काय विचारतो? 'पूर्ण नाव?'

आता तिसरे बाबूराव. यांनी पुस्तक लिहिलं नाही. वेळ मिळाला नाही. पंचविसाव्या वर्षी इंग्रजांनी फाशी दिली.

बाबूराव पुल्लेसूर शेडमाके. जन्म 1833, अहेरी भागातलं किष्टापूर. गोंड जमीनदाराचं घर. 1854 मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं आणि चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, त्यांच्या हाती गेला. चार वर्षांत या पोरानं माणसं जमवली आणि राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव सोबतीला आले. चांद्याचा इंग्रज अधिकारी कॅप्टन क्रिक्टन फौज घेऊन जंगलात शिरला आणि हात हलवत परतला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

एप्रिल 1858 च्या अखेरीस प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. तारेच्या खांबांनी साम्राज्य बांधायला निघालेल्यांना हे सोसणारं नव्हतं. बक्षीस लागलं. अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाईंवर दबाव आला. सप्टेंबरात बाबूराव पकडले गेले. 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात फाशी. बाईंना गावं इनाम.

एक लक्ष्मीबाई जूनमध्ये ग्वाल्हेरला लढता लढता पडली. दुसरीच्या मदतीनं सप्टेंबरात शेडमाके पकडले गेले. इतिहास दोन्ही लिहितो, आपण एकच वाचतो.

झाशीवर शाळेच्या पुस्तकात पाठ असतो. चांद्यावर किती ओळी? विदर्भातल्या पोराला मंगल पांडे ठाऊक असतो, बराकपूर नकाशावर दाखवता येतं. किष्टापूर दाखव म्हणा.

आता या बाबूरावांची हकिगत सुरुवातीच्या काळात छापली कुणी? मेजर ल्युसी-स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा अहवाल लिहिला, 1869 साली. सारा किती बसवायचा, कुठल्या परगण्यात जमीन कशी, याचा तो अहवाल. त्यात उठावाची हकिगत आहे.

बंडखोराची गोष्ट साऱ्याच्या हिशेबात.

आपण काय केलं? 2009 मध्ये टपाल तिकीट काढलं. पुतळे उभारले, चौकांना नाव दिलं. दर 21 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या कारागृहातल्या फाशीच्या पिंपळाजवळ लोक जमतात, डोकं टेकवतात. त्यातले कितीतरी दूरच्या गावांहून आलेले असतात. त्यांची श्रद्धा शंभर नंबरी आहे. तिच्यावर बोट ठेवायची कुणाची हिंमत नाही आणि गरजही नाही.

बोट ठेवायचंय ते आपल्यावर. पुस्तिका आहेत, स्मरणिका आहेत, गाणी आहेत, बहुतेक स्थानिक माणसांनी पदरमोड करून काढलेल्या. पुण्या-मुंबईच्या घरातल्या कपाटात टिळकांचं चरित्र असतं, सावरकरांचं असतं, फुल्यांचं, आंबेडकरांचं असतं. शेडमाक्यांचं आहे? उठा आणि बघून या.

नाही ना?

आता सुरजागड.

एटापल्ली तालुका. भामरागडचा शेजारी. डोंगररांग, दाट जंगल, माडिया-गोंडांची गावं. डोंगरावर ठाकूरदेव. जानेवारीत यात्रा भरते, इलाख्यातल्या गावागावांतून लोक चढून येतात. पूजा होते आणि ग्रामसभांची बैठकही तिथेच बसते. देव आणि ठराव एकाच माळावर. आणि तिथली माणसं सांगतात, याच डोंगरांच्या आधारानं बाबूराव लढले. यात्रेत त्यांचं नाव घेतल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही.

त्याच डोंगरात लोहखनिज आहे, उत्तम प्रतीचं. 2007 मध्ये सुमारे 348 हेक्टरची खाण लीजवर दिली गेली. बरीच वर्षं काम अडलं. डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी खनिज वाहणारी पंचाहत्तरहून अधिक वाहनं जाळली. 2021 पासून खोदकाम पुन्हा जोरात सुरू झालं. 2023 मध्ये वर्षाला 30 लाख टनांची मर्यादा वाढवून 1 कोटी टनांची परवानगी आली. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला.

पोलाद देशाला लागतं. पूल लागतात, रूळ लागतात. खाणीत इथल्या पोरांना काम मिळतं, हेही खरं. ट्रकांच्या धुळीनं रस्त्याकाठची पिकं आणि माणसं गुदमरतात, हेही तितकंच खरं. ग्रामसभांनी वर्षानुवर्षं विरोधाचे ठराव केले, हेही खरं. यातलं एक खरं उचलून दुसरं दडपणारा माणूस दिसला की त्याच्या भाषणातून उठून जावं.

पण माझं भांडण आज वेगळंच आहे. डोंगर उचलायच्या आधी डोंगराचं लिहून घेतलं का?

खनिजाचं सगळं लिहिलेलं आहे. कुठे किती खोल, किती टक्के लोह, किती वर्षं पुरेल, किती रॉयल्टी येईल. जाडजूड अहवाल, नकाशे, तक्ते. पण ठाकूरदेवाची जुनी वाट कुठून चढते? कुठल्या कड्याला माडियात काय म्हणतात? बाबूराव कुठल्या अंगानं आले, कुठे थांबले, असं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे? याचा तक्ता कुणी केला?

1869 मध्ये साऱ्याचा अहवाल. आता खनिजाचा. दीडशे वर्षं झाली, तरी इथल्या माणसाची गोष्ट सरकारी कागदात शिरायची तर महसुलाचंच दार.

म्हातारी माणसं वाट पाहत नाहीत. खाणीची यंत्रंही नाहीत.

इथे कुणीतरी म्हणेल, आदिवासी समाजाची परंपरा मौखिक, पुस्तकाचा हट्ट कशाला? मौखिक परंपरेला मान जरूर द्या. पण लीजचे करार कागदावर होतात, जनसुनावणीचं इतिवृत्त कागदावर होतं, न्यायालयात पुरावा कागदावर मागतात. एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला नुसती आठवण, हा सामना बरोबरीचा कसा?

आणि लिहिणारे नाहीत, असंही नाही. व्यंकटेश आत्राम यांचं 'गोंडी संस्कृतीचे संदर्भ' आहे. उषाकिरण आत्राम यांची 'म्होरकी' आहे. भुजंग मेश्राम यांचं 'उलगुलान' आहे. ही नावं वाचून थबकला असाल, तर दोष त्या पुस्तकांचा नाही.

बरं, व्यंकटेशवरून आठवलं. ही फळीही लावून बघा. एकीकडे माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणि वानरांच्या टोळ्यांवरची 'सत्तांतर', दुसरीकडे आत्रामांचं गोंडी संस्कृतीवरचं काम. पहिली दोन प्रत्येक शाळेच्या कपाटात. तिसरं एटापल्लीच्या आश्रमशाळेत तरी असतं का, विचारून बघा. ज्या मुलांच्या घरची गोष्ट, त्यांच्याच शाळेत ते पुस्तक शोधावं लागत असेल, तर मुलांनी मराठी वाचनाची गोडी कुठून आणायची?

एक पुस्तक मात्र या इलाख्यात अजून लिहिलं जातंय. ग्रामसभेचं ठरावाचं रजिस्टर. वनहक्क कायदा 2006 चा. त्यानंतर गडचिरोलीत मेंढा-लेखानं वाट दाखवली, आणि कितीतरी गावांनी आपल्या जंगलाच्या हद्दी, पाणवठे, देवस्थानं, तेंदू आणि बांबूचे हिशेब लिहून काढायला सुरुवात केली. निळ्या शाईत लिहिलेलं, खाली सह्या आणि अंगठे. या रजिस्टरांइतकं या भागाबद्दल खात्रीचं लेखन मी दुसरं पाहिलं नाही. कुठल्याही ग्रंथालयात ती ठेवलेली नाहीत, कारण ती ग्रंथ नाहीत म्हणे.

मग ग्रंथ कशाला म्हणायचं?

अर्नाळकरांची रहस्यकथा एक गोष्ट पक्की शिकवते. गुन्हा कळायचा तर माग काढावा लागतो. शेडमाक्यांचा माग निघू शकतो. चांदा तेव्हा नागपूरच्या अखत्यारीत होता. नागपूरला विदर्भाचं अभिलेखागार आहे, दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागार, लंडनला ब्रिटिश लायब्ररी. इंग्रज कारकून काही केल्या कागद फेकत नसे. क्रिक्टनचा पत्रव्यवहार, खटल्याची कागदपत्रं, व्यंकटरावांचं पुढे काय झालं त्याची नोंद, इनामात दिलेल्या गावांची यादी. शोधणारा हवा.

आणि बागूल दुसरी गोष्ट शिकवतात. माग काढला म्हणजे गोष्ट कळली असं नाही. ती कुणाच्या बाजूनं सांगायची, हेही ठरवावं लागतं. इंग्रजांच्या फायलीत शेडमाके दरोडेखोर आहेत. ती फाईल जशीच्या तशी मराठीत आणली, तर ल्युसी-स्मिथचंच काम आपण पुढे नेलं.

म्हणजे फायलीशेजारी इलाख्याच्या तोंडच्या गोष्टी हव्यात. दोन्ही एकाच पुस्तकात, एकमेकांना उत्तर देत. गोंडी आणि माडिया बोलणारी माणसं त्या कामात हवीत. दुभाषी म्हणून खुर्चीमागे उभी केलेली नकोत, मुखपृष्ठावर नाव असलेली हवीत.

कोण करणार? गडचिरोलीला 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. नावातच गोंडवाना आहे, तर यापेक्षा जवळचं काम कोणतं? राज्याचं साहित्य-संस्कृती मंडळ आहे, चरित्रं छापायचा त्याला जुना सराव आहे. गडचिरोलीच्या मुलाला यासाठी पुण्याला येऊन प्रकाशकांच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत.

पैसा? तोही आहे. 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं. खाणमालकांकडून त्यात वर्गणी जमा होते, खाणबाधित गावांवर ती खर्च करायची असते, आणि शिक्षण हा तिच्या अग्रक्रमाचा विषय आहे. सुरजागडच्या लोखंडातून जमलेल्या पैशाचा अगदी छोटा हिस्सा पुरेल. इमारतींच्या एका रंगकामात यापेक्षा जास्त जातं.

पुस्तक मराठीत हवं, गोंडीत हवं, माडियात हवं. छापण्याआधी मसुदा इलाख्याच्या ग्रामसभांपुढे वाचला जावा. गावाच्या सामाईक घरात, गोटुलात, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. एखादी म्हातारी म्हणेल, हे असं नव्हतं. ती दुरुस्ती पुस्तकात नावानिशी जावी. तळटीप लहान अक्षरात नको.

पहिल्या प्रती एटापल्ली, अहेरी, भामरागडच्या शाळांत. पुण्यातला प्रकाशन समारंभ, शाल-श्रीफळ, नंतर बघू.

तोवर एक करा. येत्या 21 ऑक्टोबरला चंद्रपूरला जो जो मान्यवर हार घेऊन येईल, त्याला वाट द्या, हार घालू द्या. खाली उतरला की विचारा, साहेब, बाबूरावांचं पुस्तक कुठवर आलं?